पाचवा शब्द

न्यू यॉर्क टाइम्सने जून २०२३ मध्ये ‘कनेक्शन्स’ हे रोजचं शब्दकोडं आणलं. सोळा शब्द, त्यांचे चार-चारांचे चार गट करायचे. चार चुका झाल्या की खेळ संपला. बीबीसीच्या ‘ओन्ली कनेक्ट’ या प्रश्नमंजुषेत अशी सोळा चौकटींची भिंत त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

सोळांतून चार शब्द १८२० प्रकारांनी निवडता येतात. तरी आपली फसगत होते ती पर्यायांच्या गर्दीमुळे नव्हे, घाईमुळे. दोन शब्द जुळताना दिसले की मन त्यांना नाव देऊन मोकळं होतं, आणि कोडं रचणारा नेमका त्यावरच टपलेला असतो.

मराठीत असं कोडं रचलं तर? मान, कान, गळा, पोट, पाठ हे पाचही अवयवच. हवेत चार. जादा कोण, हे या पाचांकडे कितीही टक लावून पाहिलं तरी कळणार नाही. पलीकडे धडा, अध्याय, प्रकरण हे तिघं चौथ्याची वाट पाहत आहेत, हे दिसलं की ‘पाठ’ कुठला ते उलगडतं. म्हणून मुरलेले खेळाडू पाच जुळले की थांबतात, आणि ज्याला एकच जागा आहे असा शब्द आधी शोधतात. चारांतले तीन बरोबर असले तर खेळ तसं सांगतो. तेव्हाही लगेच अदलाबदल न करता उरलेले शब्द पुन्हा वाचणं बरं.

अवघडपणानुसार गटांना रंग असतात. पिवळा गट सोपा. पुढे हिरवा, निळा आणि सर्वांत अवघड जांभळा. तिथे पुष्कळदा अर्थाचा उपयोगच नसतो. गायन, सापळा, समोर, नागरिक यांचं नातं लागेना, तर अक्षरं पाहावीत: गाय, साप, मोर, नाग.

एखाद्याची ओळख त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरते, ही या खेळाची शिकवण मला मोलाची वाटते. तिला मर्यादाही आहे. कोड्यात प्रत्येक शब्दाला शेवटी एकाच गटात बसावं लागतं, कारण रचणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं. माणसांची वर्गवारी करताना आपण तोच हट्ट धरतो: हा शेतकरी की कवी, ही इथली की बाहेरची? माणसांच्या बाबतीत मात्र उत्तर कोणी ठरवून ठेवलेलं नसतं, आणि एकाच गटात बसण्याची सक्तीही नसते.