वाचलं, पण पचलं का?

आजचे वचन : याकोब 1:22

पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं, कमी शिकलेल्या बायांनाही ते स्वतः वाचता यावं म्हणून. 1922 मध्ये देवाघरी जाईपर्यंत त्या हेच काम करत होत्या.

मला तर मोबाईलवर वचन क्षणात मिळतं. रोज तीन अध्याय वाचतो, टिक करतो. पण शेताच्या बांधावरून दादाशी दोन वर्षं अबोला आहे! ताटातली भाकर नुसती बघून पोट भरतं का?

चूक दादाचीच असेल तर? तरी वचन आज मी ऐकलंय, म्हणून पहिला फोन मीच करायचा.

प्रभू, आज दादाला फोन करायचं बळ दे. आमेन.