न घडलेल्या काळाचा पोशाख

गतकाळाचे कपडे अंगावर घेताना त्या काळाची पापेही पदरात घ्यावी लागतात काय, हा प्रश्न ‘स्टीमपंक’ नावाच्या एका पाश्चात्त्य हौसेने मोठा ठळक करून ठेवला आहे. बाष्पयंत्राचे युग मावळलेच नाही, विजेने आणि पेट्रोलने त्याची जागा घेतलीच नाही, असे गृहीत धरून रचलेले हे कल्पनाविश्व. के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने १९८७ साली ‘लोकस’ या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात हा शब्द काहीशा थट्टेनेच सुचवला. चार्ल्स बॅबेजचे गणनयंत्र त्याच्या हयातीतच यशस्वी झाले असते तर, या कल्पनेवर गिब्सन आणि स्टर्लिंग यांची ‘द डिफरन्स इंजिन’ ही कादंबरी १९९० साली आली. पुढे वाचक ते विश्व अंगावर घालू लागले. इंग्लंडातील लिंकन शहरात २००९ पासून अशा वेषधाऱ्यांचा मेळाच सुरू झाला.

हा पोशाख दुकानातून तयार आणणे कमीपणाचे समजतात. जुन्या बाजारातला वेस्टकोट, कातडी पट्टे, पितळी गुंड्या, उंच हॅट आणि तिच्यावर चढवलेला इंजिनवाल्याचा गॉगल. खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या बंदुकीला पितळी रंगाचा हात. आणि बंद पडलेल्या घड्याळांतून काढलेली दंतचक्रे. या चक्रांवरून त्या मंडळींतच वाद आहे. काहीच फिरवत नसलेले चाक नुसते चिकटवावे की नाही? काहींना ती शुद्ध फसवणूक वाटते. (नथीने तरी कोणते काम करावे, असे आपल्याकडची एखादी आजी विचारील.) मला हा वाद यंत्राचा कमी आणि नीतीचा अधिक वाटतो, कारण न फिरणारे चाक हे एका फार मोठ्या वगळणुकीचे लहानसे रूप आहे.

ते चाक ज्या काळातून उचलले, त्या काळात ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत लहान मुले आणि स्त्रिया जमिनीखाली राबत होती. १८४२ च्या कायद्याने स्त्रियांना आणि दहा वर्षांखालील मुलग्यांना तेथून वर काढले. हॅटसाठी जनावरांची लव घट्ट करताना पारा वापरीत, आणि त्या वाफेने कारागिरांचे हात कायमचे कापू लागत. पोशाखात हॅट येते, कापरे येत नाही. वाफ येते, काजळी येत नाही. यात सोला टोपीची भर पडली की प्रश्न आपल्या दारात येतो. पाणथळीत उगवणाऱ्या शोला नावाच्या वनस्पतीच्या हलक्या गाभ्यापासून बनलेली ही टोपी ऊन अडवी हे खरे. परंतु ती दिसताच वाट सोडून उभे राहणाऱ्यांची आपण नातवंडे-पतवंडे आहोत.

तरीही या हौसेला सरसकट दोषी ठरवण्यास मी तयार नाही. कॉर्सेटचेच पाहा. जी वस्तू स्त्रीच्या देहाला आतून आवळीत होती, तीच आजची स्त्री कपड्यांवरून, उघडपणे, हवी तेवढीच सैल बांधते. वस्त्र तेच; बांधणारा हात बदलला की अर्थ बदलतो. दुसरे असे की, हा काळ घडलाच नाही हे स्टीमपंकवाला स्वतःच सांगतो. त्याच्या असत्यावर असत्याची चिठ्ठी लावलेली असते.

आपल्या पाडव्याच्या शोभायात्रांवर ती नसते. १९९९ साली डोंबिवलीत सुरू झालेली ही प्रथा बरीच पसरली; नऊवारी नेसून, फेटा बांधून, मोटारसायकलवर बसून निघणे आता जणू पूर्वापार आहे. बाहेर प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांना तर त्या नऊवारीत आपले मूळ सापडल्यासारखे वाटते, आणि ते वाटणे खोटे नाही. पण आपण ‘हे असेच होते’ म्हणतो. ती नऊवारी नेसणाऱ्या घरात लाल आलवणातली, केशवपन केलेली एक बाईही होती. ती यात्रेत नसते. २०१८ साली पुण्यातील एका राजकीय सभेत पुणेरी पगडीऐवजी फुले पगडीचा आग्रह धरला गेला, तेव्हा अनेकांना तो नुसता राजकीय डाव वाटला. डाव असेलही, तरी पगडी कोणाच्या डोक्यावरून आली हा प्रश्न त्यामुळे रद्द होत नाही. मला घोषित कल्पित हे अघोषित अर्धसत्यापेक्षा अधिक प्रामाणिक वाटते.

या साऱ्या विश्वाचा एक मूळपुरुष म्हणजे ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो. व्हर्नला तो रशियन सत्तेने उद्ध्वस्त केलेला पोलिश सरदार करायचा होता; प्रकाशक एत्झेल यांनी ते मानले नाही. म्हणून १८७० च्या पहिल्या कादंबरीत त्याचे कूळ गुप्तच राहिले आणि १८७५ साली पुऱ्या झालेल्या ‘द मिस्टीरियस आयलंड’मध्ये उघड झाले: नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या उठावात लढलेला. झाशी-सागरकडच्या मराठी घराण्यांना हा मुलूख परका नाही. पाणबुडी बांधणारा तो, विजेवर चालवणारा तो, आणि साम्राज्याचा वैरीही तोच. १९५४ च्या डिस्नेपटात मात्र तो जेम्स मेसनच्या रूपाने युरोपीय झाला; २००३ साली नसीरुद्दीन शाह यांनी त्याच्या डोक्यावर पुन्हा पागोटे चढवले. मेळ्यांतून नेमोचा वेष करणारे बहुधा नौदलाचा कोट आणि पितळी बटणे शोधतात. बुंदेली बांधणीचा फेटा आणि त्यावर घड्याळातले एखादे चाक, असा नेमो अजून माझ्या पाहण्यात नाही.