भरलेल्याला कोण भरणार?

आजचा श्लोक गीतेच्या चौथ्या अध्यायातला, 34 वा. ज्ञान हवं तर आधी नमावं, विचारावं, सेवा करावी.

रविवारी सेलूला घरी होतो. जुना डिशवॉशर पुरेसं पाणीच घेत नव्हता, भांडी खरकटीच निघायची. मी नळ तपासला, पाइपच्या तोंडाची जाळी काढून क्षार धुतले. फरक शून्य. आई म्हणाली, "आतला तो गोल टोप उचलून पाय ना बाप्पा." मी वैतागलो, "तुला त्यातलं काय कळतं?" ती गप्प झाली आणि भांडी हातानं घासू लागली.

तासाभरानं हरलो. बटण बंद करून टोप उचलला. तो फ्लोट. पाणी चढलं की तो वर येतो आणि पाणी थांबतं. खाली शितं अडकून तो वरच राहिलेला. आत पाणी नाही, पण मशीनला वाटतंय, आपण भरलोय!

माझंही तेच. 'मला कळतं' हा फ्लोट वरच अडकलेला. मग देणारा समोर असूनही आत काही येत नाही.

सेलूहून वर्ध्याला जाताना पवनार लागतं, विनोबांचं. आईला संस्कृत गीता कळत नव्हती, म्हणून तिची इच्छा मनात ठेवून त्यांनी 1930-31 मध्ये 'गीताई' लिहिली. तेव्हा आई हयात नव्हती.

माझी आहे. उरलेली भांडी मी घासली, माफी मागितली. ती हसली, "निघाला का कचरा?"

आज तुम्ही कुणाचं ऐकायचं टाळलंत?