हुणसे

येळवशीचा सण दोन दिवसांवर आला होता. उदगीर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीची पोरं सणाच्या भज्जीत काय काय पडतं ते बाईंना सांगत होती. तुरीचे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, मेथी, बेसन... मागच्या बाकावरची नवी मुलगी उठून म्हणाली, "हुणसे!"

वर्ग खो खो हसला. ती बिदरकडची, घरात कन्नड बोलणारी. मधल्या सुट्टीपर्यंत तिचं नावच 'हुणसे' पडलं. ताटातली खिचडी तिच्या घशाखाली उतरेना.

बाईंनी ते पाहिलं. रागावल्या नाहीत. सुट्टी संपल्यावर त्यांनी टेबलावर चिंचेचा गोळा ठेवला.

"याला तुमच्या घरी काय म्हणतात?"

"चिंच!"

"आमची अम्मी इमली म्हणते."

"माझी आजी देगलूरची आहे. ती चिंतपंडू म्हणते."

"आणि तुझ्या घरी, बाळ?"

"हुणसे," ती पुटपुटली.

बाईंनी चारही शब्द फळ्यावर सारख्याच मोठ्या अक्षरांत लिहिले. मग सगळ्यांत मोठ्यानं हसलेल्या मुलाला विचारलं, "येळवस या शब्दाचा अर्थ काय रे?"

तो गप्प. बाई नव्या मुलीकडे वळल्या. "तुमच्याकडे या दिवसाला काय म्हणतात?"

"एळ्ळ अमावास्ये. एळ्ळु म्हणजे तीळ."

"म्हणून तिळाच्या पोळ्या करतात होय!" कुणीतरी ओरडलं.

बाई म्हणाल्या, "1956 पर्यंत आपलं उदगीर बिदर जिल्ह्यातच होतं. पुढं जिल्हे बदलले, राज्यं बदलली. शब्द मात्र दोन्हीकडं नांदत राहिले. ज्या भाषेला आज आपण हसलो, तिनंच आपल्या सणाला नाव दिलंय."

मुलानं मान खाली घातली.

येळवशीला त्यानं तिला घरच्यांसह आपल्या शेतात बोलावलं. तिच्या घरच्यांना स्वतःचं शेत नव्हतं. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, आंबिलीचे पेले फिरले. त्याची आई भज्जी वाढू लागली, तसा तो पाहुणीजवळ सरकून बसला. ताटातल्या उंड्याकडे बोट दाखवत म्हणाला, "तुझ्या घरी याला काय म्हणतात गं?"

तिनं सांगितलं. त्यानं तो शब्द दोनदा घोकला. चुकला, तेव्हा दोघंही हसली. या हसण्यानं कुणाचा घास अडला नाही.

बोध : अनोळखी शब्द, वेगळा वेश, निराळी रीत दिसली की हसणं सोपं असतं. हसण्याआधी आपुलकीनं विचारावं. विचारणाऱ्याला नवं काही कळतं आणि सांगणाऱ्याला वर्गात आपली जागा मिळते.