तीस पारे आणि एक प्रश्न



रमजानचा चंद्र दिसला की महाड-पोलादपूरच्या गावोगावच्या मशिदींत तरावीहची नमाज सुरू होते. हाफिज पढतात, जमाअत ऐकते आणि महिना सरण्यापूर्वी तीसही पारे पूर्ण होतात. एकाच महिन्यात अवघी वस्ती एकच ग्रंथ मिळून ऐकते. सामुदायिक वाचनाची अशी परंपरा लाभणे, ही अल्लाहची मोठी कृपा आहे.

तथापि एका वर्षी, खतमच्या रात्री मिठाई वाटून झाल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी मला थांबवून विचारले, "मौलाना, महिनाभर उभा राहिलो. अल्लाहने आपल्याला काय सांगितले, तेवढे आता सांगा." मी निरुत्तर झालो. उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. ते सांगणे हेही माझे कर्तव्य आहे, याचाच मला विसर पडला होता. मदरशात मी अर्थ शिकलो, महाविद्यालयात मराठी शिकलो. परंतु या दोहोंची भेट मी मिंबरवर कधी घडवून आणली नव्हती.

सूरह माऊनचेच पाहा. अवघ्या सात आयती. आपल्या लहान मुलांनाही त्या मुखोद्गत असतात. पण अनाथाला झिडकारणारा, दिखाव्यासाठी नमाज पढणारा आणि साधी वापरायची वस्तूही न देणारा, अशांचा त्यांत धिक्कार आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? 'माऊन' शब्दाचा अर्थ सांगताना भाष्यकारांनी बादली, हंडी, कुऱ्हाड अशा वस्तूंची नावे घेतली आहेत; काहींनी पाणीही सांगितले आहे.

महाडकरांना हे समजण्यास दूर जावे लागत नाही. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने घरे चिखलाने भरली, तेव्हा एका फावड्याचे आणि एका बादलीचे मोल आपण पाहिले. पाणी नाकारणे म्हणजे काय, हे १९२७ मध्ये चवदार तळ्याने साऱ्या देशाला दाखवले. त्याच वर्षी डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेच्या मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. माऊन ती हीच.

म्हणून यंदा एवढे करू या. रात्री तरावीहमध्ये जो पारा पढला जाणार, त्यातील एका भागाचा मराठी अर्थ त्याच दिवशी अस्रनंतर प्रत्येक घरात कोणीतरी मोठ्याने वाचावा. आजीने ऐकावा, मुलांनी प्रश्न विचारावेत. मुंबईत वा आखातात असलेल्या मुलानेही तोच भाग वाचावा. जेथे अडेल तेथे आलिमाला विचारावे. अनुवाद हा अरबी पठणाची जागा घेत नाही; पठणाचा सवाब आपल्या जागी आहेच. परंतु जो ग्रंथ मार्गदर्शनासाठी अवतरला, त्याने दाखवलेला मार्ग कोणता, हे न विचारताच आपण ईदगाहकडे निघावे काय?

त्या वृद्धांचा प्रश्न यंदा आपण प्रत्येकाने स्वतःला विचारावा. आणि इमामांनी तो कोणी विचारण्याची वाट पाहू नये.

अल्लाह आपणा सर्वांना समजून वाचण्याची आणि वाचलेले आचरणात आणण्याची तौफीक देवो. आमीन.