चळवळीचा खर्च कुणाच्या खात्यावर?

दोस्तांनो, आपल्या शिबिरांत सगळे प्रश्न निघतात. जातीचा निघतो, वर्गाचा निघतो, अनुशेषाचा निघतो, गटबाजीचा तर निघतोच निघतो. एक प्रश्न तेवढा निघत नाही. समोर सतरंजीवर बसलेल्या कार्यकर्त्याच्या घरी आज काय शिजलं, आणि त्याचे पैसे कुठून आले?

हा प्रश्न काढला की दोन प्रकारची माणसं अंगावर येतात. पहिला म्हणतो, हिशेब हा वाण्याचा धंदा, क्रांतिकारकाने डाळ-तांदूळ मोजत बसायचं नसतं. दुसरा आपल्यातलाच, पण कायम नोकरीत चिकटलेला. तो म्हणतो, आपल्या लोकांना बचतीची सवयच नाही. पहिल्याच्या घरची डाळ दुसरं कुणीतरी मोजत असतं, म्हणून त्याला मोजावी लागत नाही. दुसऱ्याला 1 तारखेला पगार मिळतो, म्हणून उपदेश सुचतो. मला दोघांशीही भांडायचं आहे. माझा प्रश्न नीतीचा आहे. माणसाने ताठ मानेने जगायचं ठरवलं की त्याची किंमत पडते. ती किंमत घरात कोण भरतं? आणि त्याला कुणी विचारलं होतं का?

सध्या पेपरात ‘अनिश्चित काळ’ हा शब्द फार येतो. मला हसू येतं. साला, आपल्याला निश्चित काळ होता कधी? महारकीचं वतन आठवा. काम मात्र पक्कं होतं. सांगावा न्यायचा, सरकारी सारा तालुक्याला पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं, रात्री-बेरात्री हाक आली की उठायचं. त्यात एका माणसाच्या वतनात अख्खं घर राबायचं. मजुरी मात्र कच्ची. बलुतं गावाच्या मर्जीवर. खळ्यावर जाऊन हात पसरायचा, मालकाला वाटलं तर पाटीभर, नाही वाटलं तर शिवी. काम निश्चित, दाम अनिश्चित. ही व्यवस्था आजच्या ठेकेदाराने शोधलेली नाही, त्याने ती गावातून उचलली.

बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल आणलं, ते याच मुळावर घाव घालायला. वतन कायद्याने जायला पुढं 1958 साल उजाडलं. पण कायद्याची वाट न बघता कितीतरी गावांत आपल्या लोकांनी येसकरकी सोडली, ढोरं ओढायचं सोडलं, बलुत्याचा हात आखडला. 1956 नंतर तर गावंच्या गावं उठली. गावाने बहिष्कार घातला, पिठाची गिरणी बंद, किराणा बंद, रोजगार बंद. तेव्हा आपल्या आज्यांपुढं एक सवाल होता: खात्रीची गुलामी घ्यायची की बेभरवशाची मोकळीक? त्यांनी बेभरवशाची मोकळीक घेतली. हा निर्णय मोठा होता हे आपण भाषणात सांगतो. तो निर्णय झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर काय ठेवायचं, हे कुणाच्या डोक्यावर आलं, ते मात्र भाषणात येत नाही.

शहरात आलो तरी तेच. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला साचेखात्यात घेत नसत. धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे, त्याला आमची थुंकी लागली तर बाटेल म्हणून. साच्यावर पगार जास्त, तिथं बंदी. आम्ही त्रासन खात्यात आणि रिंगवर, कमी पगारात. विटाळाची किंमत दर महिन्याला पगाराच्या पाकिटातून कापली जायची. जात म्हणजे फक्त अपमान असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात घ्यावं. जात म्हणजे हिशेबसुद्धा आहे.

माझा बाप रिंगवर बदली कामगार होता. बदली म्हणजे सकाळी गेटावर उभं राहायचं, कुणाचा खाडा असेल तर काम, नाहीतर माघारी. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पहिले काही महिने सगळ्यांच्या तोंडी एकच, गावी जाऊ, शेतातलं खाऊ, संप लढवू. कोकणातली, साताऱ्याकडची पुष्कळ माणसं खरंच गावी गेली. पण ज्याच्या नावावर गावात एक गुंठा नाही त्याने कुठं जायचं? संप सगळ्यांचा एक होता, शिदोरी एक नव्हती. आमच्या चाळीत हे कुणी मोठ्याने बोललं नाही, कारण बोललं तर संपफोड्या ठरायची भीती.

आईने त्या साली एक वही घातली. चौथीपर्यंत शिकलेली बाई. तीन रकाने पाडले: आलं, गेलं, कुणाचं देणं. चार घरची भांडी धरली, दुपारी बिड्यांची पुडकी बांधायला जायची. ती म्हणायची, “तुझ्या बानं संप मोडला न्हाई. बरं केलं. पर घर मोडू द्यायचं न्हाई हे कुणी ठरवायचं? ते बी मीच.” या एका वाक्यात मला चळवळीचं अख्खं अर्थशास्त्र दिसतं.

त्या वहीनं मला पहिली गोष्ट शिकवली ती अशी: हिशेब हे कंजूषपणाचं लक्षण नाही, चोर पकडायचं साधन आहे. वाण्याकडं तेच सामान, तेवढंच, आणि पैसे मात्र दर दोन महिन्यांनी वाढीव. पगार जिथल्या तिथं. बाबासाहेबांनी 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्यात हेच सांगितलं आहे. रुपयाची किंमत घसरली की भाव चढतात, मजुरी मागं राहते, आणि मधला फायदा मालक-व्यापाऱ्याच्या खिशात जातो. म्हणजे महागाई ही पगाराला हात न लावता केलेली पगारकपात. लंडनहून डी.एस्सी. घेऊन आलेल्या माणसाने जे मांडलं, ते आईच्या वहीत पेन्सिलीनं उतरत होतं. फरक एवढाच की तिला त्याचं नाव माहीत नव्हतं.

मी आज ठेक्यावर काम करतो. कचेरी सरकारी, माणूस ठेकेदाराचा. पगारातून भविष्यनिर्वाह निधीचे 12 टक्के कापले जातात, तेवढेच मालकाने घालायचे असतात. आमच्या ठेकेदाराने सात महिने कापले आणि एक रुपया भरला नाही. आमच्यातल्या एका बाईंनी मोबाईलवर पासबुक उघडून बघितलं, म्हणून कळलं. बाकीचे चाळीस जण ‘होईल जमा’ म्हणून बसले होते. आम्ही पगाराच्या चिठ्ठ्या गोळा केल्या, कचेरीला अर्ज दिला की ठेकेदाराने नाही भरलं तर मूळ मालकाने भरायचं असतं. पाच महिने लागले, पण पैसे आले. ज्याच्याकडं चिठ्ठी होती त्याचं भांडण झालं. ज्याने चिठ्ठी फेकून दिली होती, त्याच्या खात्यातल्या महिन्यांवर वाद घालण्यात ठेकेदाराचा वेळ मजेत गेला.

आता कर्जाकडं या. महिना शेकडा पाच हा आपल्या वस्तीतला भाव. दहा हजार उचलले की महिन्याला पाचशे व्याज. दोन वर्षांत बारा हजार देऊन होतात आणि मुद्दल दहा हजार जिथल्या तिथं उभं. हा आकडा मी अभ्यास मंडळात फळ्यावर मांडला तेव्हा पोरं गप्प झाली. कारण प्रत्येकाच्या घरी तो आकडा राहतो, जेवतो, झोपतो. 8 नोव्हेंबर 2016 ला नोटा रद्द झाल्या तेव्हा रोजंदारी थांबली. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा घरकाम करणाऱ्या बायकांना सोसायटीच्या गेटावरून परत पाठवलं. दोन्ही वेळा पगार थांबला, व्याज थांबलं नाही.

आणि हे नुसतं पैशाचं दुखणं नाही, राजकारणाचं आहे. कर्ज म्हणजे दावं. आपला एखादा तडफदार पोरगा असतो. बापाच्या ऑपरेशनला स्थानिक पुढारी वीस हजार काढून देतो. निवडणूक आली की तोच पोरगा त्या पुढाऱ्याच्या झेंड्याखाली दिसतो. आपण म्हणतो, विकला गेला. अरे, तो विकला गेला त्या रात्री आपण कुठं होतो? त्या रात्री त्याला वीस हजार देणारी शाखा नव्हती. तत्त्वनिष्ठा ही काही नुसत्या मनाच्या बळावर टिकत नाही. तिला घरात चार महिन्यांचं रेशन लागतं.

बुद्धानं गृहस्थाच्या सुखांत अनृणसुख मोजलं आहे, कुणाचं देणं नसण्याचं सुख. सिगालाला केलेल्या उपदेशात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले: एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, एक अडचणीच्या वेळेसाठी. ज्याची मिळकत 20 तारखेलाच संपते त्याने चार भाग कशाचे करायचे, हा सवाल रास्त आहे. त्याला ‘बचत कर’ म्हणणं म्हणजे टिंगल आहे. पण मला त्या उपदेशात वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. दुःखाचा विचार करणाऱ्या माणसाने घरखर्चाला क्षुद्र मानलं नाही. मग आपण कोण लागून गेलो?

काही दोस्त म्हणतील, असा हिशेब करत बसलं की माणूस भित्रा होतो, नोकरी सांभाळतो, मोर्चाला येत नाही. हा आक्षेप खोटा नाही. चौकोनी घर आणि बंद दार झालेली आपली माणसं मीही बघतो. पण बाबासाहेबांकडं बघा. 1929 च्या गिरणी संपात त्यांनी आपल्या उपाशी कामगारांना संपात ओढण्याला विरोध केला, साचेखात्यातली बंदी आधी उठवा म्हणाले. 1938 साली मात्र औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध तेच संपाच्या पुढं उभे राहिले, आणि संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क असं कायदेमंडळात बजावलं. माणूस तोच. दोन्ही वेळा त्याने चूल आणि लढा एकत्र मोजले. चूल मोजली म्हणून तो भित्रा झाला नाही.

आणि रमाईंचं काय? पती परदेशात शिकत असताना त्यांनी काय सोसलं, चार लेकरं कशी गेली, हे आपण गाण्यांतून ऐकतो आणि डोळे पुसतो. 27 मे 1935 ला त्या गेल्या. पुढं पाकिस्तानवरचा ग्रंथ बाबासाहेबांनी आपल्या रामूला अर्पण केला. अर्पणपत्रिकेत तिच्या मनाचा मोठेपणा लिहिला, आणि टंचाईच्या, काळजीच्या दिवसांत आपल्याबरोबर सोसायची तिची तयारी लिहिली. देशाच्या राजकारणावरच्या ग्रंथाचं पहिलं पान घरातल्या देण्याची कबुली देतं. आपण त्यातून काय घेतलं? ‘माझी बायको रमाईसारखी सोसते’ असं स्टेजवरून अभिमानाने सांगणारे घेतले. तिचं सोसणं ही तुझी कमाई नाही रे बाबा, ते तुझ्यावरचं देणं आहे.

म्हणून माझं म्हणणं इतकंच: आईच्या वहीतल्या तीन रकान्यांना चौथा जोडा. कुणी सोसलं? वर्गणी दिली, कुणाची फी राहिली? मोर्चाला तीन खाडे झाले, कुणाचं औषध लांबलं? मुलाचा क्लास चालू ठेवला, मुलीचा बंद केला का? हा रकाना भरला की दिसेल की ‘आम्ही त्याग केला’ या वाक्यातला ‘आम्ही’ बहुतेक वेळा एकच बाई असते. चळवळीसाठी त्याग मागू नये असं मी म्हणत नाही. मागावा. पण ज्याला किंमत भरायची आहे त्याला निर्णयात मत पाहिजे. न विचारता घेतलेल्या त्यागाला आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे, वेठ. वेठीविरुद्ध लढणाऱ्यांनी घरात वेठ ठेवू नये.

आणि शाखेनं काय करावं? पन्नास जणांनी महिन्याला शंभर रुपये टाकले तर वर्षाला साठ हजार होतात. जयंतीच्या एका रात्रीच्या आवाजाला आपण यापेक्षा जास्त घालवतो. हे साठ हजार बिनव्याजी फिरवा. भूमिका घेतली म्हणून ज्याचं काम गेलं, त्याच्या घरी चार महिने किराणा पोचवा, आणि तो त्याच्या बायकोच्या किंवा आईच्या हाती द्या. वही उघडी ठेवा, खजिनदार दरवर्षी बदला, दोघींच्या सह्यांशिवाय पैसा काढू नका. याने भांडवलशाही कोसळणार नाही, मला ठाऊक आहे. पण दावं तुटेल. दावं तुटलेला माणूस निदान कुणाच्या सभेला जायचं ते स्वतः ठरवेल.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. शेवटी, चहाच्या वेळी नको, पहिल्या नंबरावर घ्या. आणि त्या दिवशी घरच्यांनाही बोलवा. त्यांना बोलायला वेळ द्या आणि आपण टिपणं घ्या.

जय भीम.