वस्तीची गाडी

ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग

प्रिय बायो,


ज्या गावात माणसंच उरली नाहीत तिथे एसटी कशाला पाठवायची, असं तुझ्या वर्गात कुणी विचारलं आणि तुला उत्तर सुचलं नाही, असं लिहिलंस. माणसं कमी झाली म्हणून गाडी बंद होते, हे खरंच आहे. पण गाडी बंद झाली म्हणूनही माणसं उठतात, आणि त्याची नोंद कुठल्या तक्त्यात होत नाही.

2001 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात 8,68,825 माणसं होती, 2011 मध्ये 8,49,651. रत्नागिरीही अशीच घटली. आपल्याकडे हजार पुरुषांमागे 1,036 स्त्रिया. चाकरमानी मुंबईत, घरी बायका, म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. यातल्या किती जणांना मोटारसायकल चालवता येते? एसटी लागते ती यांनाच.

वस्तीची गाडी तू लहानपणी पाहिली आहेस. रात्री शेवटच्या वाडीपर्यंत यायची, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच निजायचे, पहाटे ती भरून निघायची. बारावीची मुलगी, तपासणीला निघालेला म्हातारा, अळूच्या जुड्या नि शिंपले घेऊन बाजार गाठणारी बाई. रात्री येताना शेवटचे काही किलोमीटर मात्र ती जवळजवळ रिकामी असायची. कागदावर दोन्हींची सरासरी होते, भारमान, म्हणजे भरलेल्या जागांचं प्रमाण, कमी दिसतं आणि फेरी तोट्यात निघते. फेरी गेली की त्या मुलीसाठी कुडाळला खोली घ्यावी लागते. तिच्याबरोबर आई जाते, धाकटा भाऊही जातो. गावच्या शाळेचा पट एकाने उतरतो. घरात आजोबा उरतात, त्यांना डॉक्टरकडे न्यायला स्पेशल रिक्षा, म्हणून ते जायचंच टाळतात. पुढच्या जनगणनेत हे घर एका माणसाचं.

रस्त्याचंही तेच. 2000 साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, तेव्हा सपाट प्रदेशात 500 माणसांच्या वस्तीची अट होती. अर्ध्या किलोमीटरच्या आतल्या वस्त्या एकत्र मोजायची सोय होती. देशावरचं गाव एका जागी बसलेलं असतं, त्याला ती अट जड नाही. आपलं गाव म्हणजे डोंगरउतारावर, व्हाळाच्या अलीकडे-पलीकडे पांगलेल्या वाड्या. गाव हजाराचं असलं तरी वाडी दीडशेची, आणि मधे साकव. एकच माप दोन्हीकडे लावलं की आपली वाडी कायम अपुरी पडते. हे तुझ्या वर्गात ठासून सांग.

26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, 2021 मध्ये चिपीला विमानतळ झाला. दोन्हींचा मला अभिमान आहे. पण मालवण तालुक्यात रेल्वेचं एकही स्टेशन नाही. मालवणहून कुडाळ स्टेशन सुमारे तीस किलोमीटर, आणि वाडीहून मालवण गाठायचं ते वेगळंच. देवबागच्या टोकावर उभं राहिलं तर कर्ली नदीच्या मुखापलीकडे भोगवे समोर दिसतं, पण रस्त्याने जायचं तर खाडीला केवढा वळसा! आमच्या लहानपणी खाडीखाडीवर तर, म्हणजे उतारूंची होडी, असायची. पूल झाले, बरंच झालं. पण पुलावरून जायला गाडी हवी.

मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याच्याही आधीपासून मोफत प्रवास. सरकारने चांगलं केलं. पण जिथे फेरीच नाही, तिथे सवलत कागदावरच राहते. मला विचारशील तर सकाळची एक आणि संध्याकाळची एक फेरी भारमान न बघता चालवली पाहिजे. शाळा आणि दवाखान्यासारखाच तो खर्च आहे.

मे महिन्यात येशीलच. 1 मेच्या ग्रामसभेला माझ्याबरोबर बस. तुझं नाव इथल्या मतदारयादीत नाही, त्यामुळे या फेऱ्यांच्या ठरावाला हात वर करता येणार नाही. पण कोणत्या वाडीतून पहाटे किती जणांना निघायचं असतं, याची यादी तू घरोघरी फिरून करू शकतेस. 1 मार्च 2027 ही तारीख धरून पुन्हा देशाची मोजणी होईल. त्याआधी ती यादी ठरावाला जोडून आगारात पोचली पाहिजे.

तुझी,
आत्या